तारण आणि दशांशाची वही

पुणे

ति. आई व बाबा यांस,
सप्रेम सलाम.

मागच्या महिन्यात मी घरी आले होते, तेव्हा बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत दशांशाची जुनी वही मांडीवर घेऊन बसले होते. पगाराच्या दिवशी चर्चसाठी वेगळ्या काढलेल्या रकमांची ती वही मी लहानपणापासून पाहत आले आहे. पण प्रत्येक पानाच्या तळाशी पेन्सिलीने केलेली बेरीज मला त्या दुपारी प्रथमच दिसली. काय चालले आहे, असे विचारल्यावर बाबा म्हणाले, "जमेच्या बाजूला काही आहे का ते पाहतोय. आता उपासनेला जाणे होत नाही, कोणाच्या उपयोगी पडणे होत नाही. वर काय तोंड दाखवणार?" मी विषय बदलला आणि चहा ठेवायला उठले, ह्याची मला अजून रुखरुख लागून आहे. तेव्हा जे बोलायला हवे होते ते आज लिहिते आहे.

आपल्या घरात हा वाद तसा जुनाच. आई वसईची कॅथलिक, मिस्सा आणि रोजरीत वाढलेली, तर बाबा नगरच्या प्रोटेस्टंट मिशनच्या परंपरेतले. बाबा बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडून तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने होते, कर्मांनी नव्हे, असे सांगायचे. मग आई याकोबाचे पत्र काढायची आणि कर्मांवाचून विश्वास निर्जीव आहे, असे ठणकावायची. 1999 साली ऑग्सबर्ग येथे कॅथलिक आणि लूथरन (मार्टिन लूथरच्या परंपरेतल्या प्रोटेस्टंट) मंडळ्यांनी एका संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या आणि देव माणसाचा स्वीकार करतो तो त्याच्या गुणांमुळे नव्हे तर केवळ कृपेने, आणि सत्कर्मे ही त्या स्वीकाराची फळे होत, असे एकमुखाने मान्य केले. आपल्या जेवणाच्या टेबलावर मात्र त्यानंतरही तह झाला नाही. आणि आता, गंमत म्हणावी की दुःख, कृपेची बाजू जन्मभर लढवणारे बाबाच वहीत बेरजा करत बसले आहेत.

बँकेत मी ज्या खिडकीवर बसते तिच्यावर 'सोनेतारण कर्ज' अशी पाटी आहे. तारण हा शब्द दिवसातून शंभर वेळा माझ्या कानांवर पडतो, पण तिथे त्याचा अर्थ गहाण असा असतो: दागिना द्यायचा, कर्ज उचलायचे, हप्ते भरायचे, आणि ते थकले की लिलावाची नोटीस. आपल्या भाषेत देवाघरचे तारण आणि बँकेतले तारण एकाच शब्दात नांदतात. म्हणूनच की काय, आपली ख्रिस्ती माणसेही पुष्कळदा पहिल्याचा विचार दुसऱ्यासारखा करतात. म्हणजे देवाने आपल्याला उचल दिली आहे आणि प्रार्थना, दान, सेवा हे तिचे हप्ते आहेत, असे समजतात. बाबांच्या वहीतली पेन्सिल मला ह्याच हिशेबाची वाटली.

मागच्या पावसाळ्यात एक बाई खिडकीशी आली. तिची बोरमाळ दीड वर्षापासून आमच्याकडे होती, व्याज साचले होते आणि नोटीसही गेली होती. तिच्याबरोबर भाऊ होता. त्याने सगळी रक्कम रोख भरली आणि माळ घ्यायला हात पुढे केला. पण पैसे कोणीही भरले तरी दागिना कर्जदाराच्याच हाती द्यायचा, असा आमच्याकडे नियम आहे. मी बाईंना पुढे बोलावले, सील केलेली पिशवी त्यांच्यासमोर फोडली, माळ काट्यावर ठेवून वजन दाखवले आणि रजिस्टरमध्ये सही करायला सांगितली. सही करताना त्यांचा हात थरथरत होता. भाऊ जाताना एवढेच म्हणाला, "पुन्हा गहाण टाकू नकोस म्हणजे झालं."

बाबा, त्या सहीने कर्जाचा एक रुपयाही फिटला नव्हता. तरी ती केल्यावाचून माळ गळ्यात येणार नव्हती. विश्वास म्हणजे तेवढीच सही आहे, असे मला त्या दिवशी उमगले. पवित्र शास्त्रात ह्या सुटकेसाठी 'खंडणी' हा शब्द येतो आणि तो ऐकला की हल्ली वर्तमानपत्रातले गुंडच डोळ्यांपुढे येतात. पण त्याचा मूळ अर्थ दास किंवा बंदिवान सोडवण्यासाठी भरलेले मोल असा आहे, आणि ते मोल ख्रिस्ताने वधस्तंभावर स्वतःच्या प्राणाने भरले. भावाचे ते शेवटचे बोलणे प्रेषित पौलाने गलतीकरांना आपल्या पद्धतीने लिहिलेलेच आहे, की तुम्हाला मोकळे केले आहे, तर आता पुन्हा दास्याच्या जुवाखाली मान देऊ नका. सुटलेला जीव पुन्हा बेरजेपाशी गहाण ठेवणे हेही एक दास्यच नव्हे काय?

तुम्ही मला शाळेत असताना केडगावला, पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये, घेऊन गेला होता आणि त्यांच्याविषयी सांगितले होते, ते तुम्हाला आठवत असेल. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये झाला, 1889 साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढले आणि विधवांसाठी रात्रंदिवस खपू लागल्या. तरीही आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण प्रत्यक्ष ख्रिस्त मिळाला नव्हता, अशी कबुली त्यांनी पुढे दिली. ती शांती त्यांना बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी लाभली. एवढे सत्कार्य पदरी असताना त्या बाईंच्या मनाला स्वस्थता नव्हती, हे मला फार महत्त्वाचे वाटते. आणि जे फुकट मिळाले ते कळल्यावर त्या हात जोडून बसल्या, असेही झाले नाही. 1896-97 च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि विधवा केडगावला आणल्या, आणि खेड्यातल्या बायकांना समजेल अशा मराठीत सबंध पवित्र शास्त्राचे भाषांतर केले. काम तेच होते, किंबहुना वाढलेच होते. त्याच्या मागची धास्ती तेवढी गेली होती.

आई, आता तुझ्याकडे वळते, कारण कर्मांची बाजू तुझी आणि ती खोटी नाही. लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय प्रभूला पाहायला उंबराच्या झाडावर चढला होता, तेव्हा प्रभूने त्याचा हिशेब मागितला नाही, आज तुझ्या घरी उतरणार आहे, असे सांगितले. अर्धे धन गरिबांना देण्याची आणि लुबाडलेले चौपट परत करण्याची भाषा त्यानंतर आली. पौल आणि त्याचा सोबती सीला ह्यांना फटके मारून ज्या तुरुंगात टाकले होते, त्या फिलिप्पैच्या तुरुंगातला अधिकारीही असाच. मध्यरात्री भूकंपाने दारे उघडली, तेव्हा तो थरथर कापत पौल आणि सीला ह्यांच्या पाया पडला आणि तारणासाठी मी काय करावे, असे विचारू लागला. प्रभू येशूवर विश्वास ठेव, एवढेच उत्तर त्याला मिळाले. मग त्याच रात्री त्याने त्या दोघांच्या फटक्यांच्या जखमा धुतल्या, बाप्तिस्मा घेतला आणि त्यांना घरी नेऊन जेवू घातले. ज्यांच्या पायांत त्यानेच खोडा घातला होता त्यांच्याच जखमा तो धूत होता! त्याला तसे करायला कोणी सांगितले होते, असे ही हकीकत सांगणारा लूक कुठेही लिहीत नाही. तेव्हा तू शेजारच्या आजींना रोज भाकरी पाठवतेस ते योग्यच आहे, पण बाबांना याकोबाचे पत्र काही दिवस वाचून दाखवू नकोस.

आता जरा अवघड गोष्ट लिहिते. बाबा, तुमच्या पायाची जखम आई धुऊ पाहते आणि तुम्ही पाय आखडून घेता, वाकता येत नसतानाही स्वतःच पट्टी बांधता, हे मला आईने नव्हे, धाकट्याने सांगितले. तुम्हाला संकोच वाटतो हे मला कळते. ज्याने आयुष्यभर दुसऱ्यांचे केले त्याला स्वतःचे करून घेणे जड जाते. प्रभू शिष्यांचे पाय धुवायला बसला, तेव्हा पेत्रालाही जड गेले होते. माझे पाय तुम्ही कधीही धुवायचे नाहीत, असे तो प्रभूला म्हणाला, तेव्हा प्रभूने त्याची विनयाबद्दल वाहवा केली नाही. मी तुला धुतले नाही तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही, असे स्पष्ट बजावले. पूर्वी मी हे वचन फक्त सेवेचा धडा म्हणून वाचत असे. आता मला त्यात घेणाऱ्याचाही धडा दिसतो. तारणाला प्रतिसाद देणे म्हणजे नेहमी काहीतरी करून दाखवणेच असते, असे नाही. उपासनेला जाता येत नाही अशा दिवसांत, दिलेले मुकाट्याने घेणे हाही प्रतिसादच आहे, आणि तुमच्यासारख्या माणसासाठी कदाचित तोच सर्वांत कठीण.

येत्या शनिवारी दुपारच्या एस्टीने मी येते आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले मलम आणि पट्ट्या बरोबर आणीन, आणि पाळकांना घरी येऊन प्रभुभोजन (उपासनेतला भाकर व द्राक्षारसाचा विधी) देण्याविषयी फोनही केला आहे. ती वही फेकून देऊ नका, मला ती हवी आहे, फक्त पेन्सिलीच्या बेरजा मी खोडून टाकणार आहे. आणि शनिवारपर्यंत आईला पट्टी बांधू द्या.

तुमची,
थोरली