नळाजवळच्या पांढऱ्या डागाबद्दल आई-बाबांना पत्र

पुणे

तीर्थरूप आई आणि बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, नळाजवळचा ओटा कितीही घासला तरी पांढरटच दिसतो आणि बाबांनी त्यासाठी संडास साफ करायचे ॲसिड काढून ठेवले आहे, असे तू परवा फोनवर म्हणालीस. बाबा, ती बाटली कृपा करून ओट्याजवळ आणू नका. त्या ॲसिडने दगडाची झिलई कायमची जाऊ शकते, आणि मोरीत ब्लीचिंग पावडर टाकलेली असेल तर दोन्ही मिसळून क्लोरीन वायू तयार होतो. बाबांच्या दम्याला तो एक श्वासही झेपायचा नाही.

दिवाळीत मी तो डाग बोटाने चाचपून पाहिला होता. तो दगडापेक्षा किंचित उंच लागला आणि नखाने खरवडल्यावर पिठासारखी पांढरी पूड निघाली. म्हणजे दगड झिजलेला नाही, बोअरच्या पाण्यातला क्षार वर साचला आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे चार थेंब घालून त्यात भिजवलेले फडके पंधरा-वीस मिनिटे डागावर ठेवावे, मग खाण्याच्या सोड्याचा दाटसर लेप करून हलक्या हाताने चोळावा, आणि उरलेला थर जुने प्लास्टिकचे कार्ड जवळजवळ आडवे धरून त्याच्या कडेने सोडवावा. एका दिवसात सगळे निघणार नाही. पुन्हा दुसऱ्या दिवशी करावे. तारेची घासणी मात्र नको. आई, तुझी मनगटे आधीच दुखतात, आणि जोर लावून हे काम लवकर होत नाही.

जुन्या घरातल्या कडप्प्यावर चिंचेचा कोळ सांडला की तू हातातले काम टाकून तो पुसायचीस, ते मला अजून आठवते. तो चुनखडीचा दगड होता, त्यामुळे आंबट लागले की तिथे खाल्ल्यासारखा डाग पडायचा. आताचा सोनेरी ठिपक्यांचा काळा दगड आंध्रातल्या ओंगोलजवळच्या खाणींतला आहे. बाजारात त्याला ग्रॅनाइट म्हणतात, भूशास्त्राच्या दृष्टीने तो गॅब्रो नावाच्या अग्निजन्य खडकाच्या जातीचा असतो, आणि आंबटाला तो कडप्प्याइतका हळवा नाही. तरीही रोज लिंबाची साल किंवा व्हिनेगर चोळल्याने त्यावरचा सीलर, म्हणजे दगडात पाणी-तेल मुरू नये म्हणून लावलेला लेप, उतरतो, म्हणून लिंबाची साल तांब्या-पितळेसाठीच ठेव. रोज रात्री ओल्या मऊ फडक्याने पुसून लगेच कोरडे केले, तर पाणी सुकून राहणारच नाही आणि नवा क्षारही साचणार नाही. मला विचाराल तर सगळ्या देखभालीत हीच सवय सर्वांत मोलाची आहे.

दुकानदाराने दरवर्षी सीलर लावायला सांगितले होते. तसे डोळे झाकून करू नये असे मला वाटते. कोरड्या ओट्यावर पाण्याचे चार-पाच थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटांनी पुसून पाहावे. खालचा दगड गडद झाला असेल तरच सीलर लावावा. शेगडीजवळ तेल मुरले असेल तर सोड्याचा लेप रात्रभर प्लास्टिकने झाकून ठेवावा आणि सकाळी पुसावा.

आणखी एक गोष्ट, जिची मला डागापेक्षा जास्त काळजी वाटते. बाबा, माळ्यावरचे डबे काढायला तुम्ही ओट्यावर चढता. सिंकच्या पुढे दगडाची जेमतेम चार बोटे रुंद पट्टी उरली आहे, तिथे भार पडला तर ती तडकू शकते, आणि ओला गुळगुळीत दगड पायाखालून कधी निसटेल ते कळत नाही. डबे काढायचे असतील तर शेजारच्या मुलाला हाक मारा.

सिंकभोवतीची फट मी पुढच्या महिन्यात आले की सिलिकॉनने भरून घेईन. तिथल्या पांढऱ्या सिमेंटचे तुकडे आताच उकरू नका, नाहीतर पाणी खालच्या फळ्यांत उतरेल. मऊ फडक्यांची जोडी उद्या कुरिअरने पाठवत आहे, त्यातले निळे फक्त ओट्यासाठी ठेवा.

आपली,
लेक