पेन्सिलीने लिहिलेल्या सहा आकड्यांबद्दल

आदरणीय काका,

सा. न. फोनवर तुम्ही पुस्तकाबद्दल आभार मानू दिले नाहीत. "त्यात काय एवढं" म्हणून लगेच पावसावर बोलायला लागलात. म्हणून हे जाहीर पत्र.

बाबांचा स्पेक्ट्रम प्लस, म्हणजे पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीचा जुना घरगुती कॉम्प्युटर, अजून चालतो. त्यावर असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या हुकमांची भाषा, शिकायची, तर पुस्तक कोणतं घ्यावं, एवढंच मी विचारत होते. अप्पा बळवंत चौकात एकाने ८०८५ या दुसऱ्याच प्रोसेसरचं, परीक्षेचं गाइड पुढे केलं. एका प्राध्यापकांनी न मागता पायथनवर व्याख्यान दिलं. आणखी एकाने ६५०२ या तिसऱ्याच प्रोसेसरच्या पुस्तकाचं तोंड भरून कौतुक केलं. असेल चांगलं, पण ते कमोडोर आणि ॲपलवाल्यांना. माझ्या मशीनमध्ये झेड८० प्रोसेसर आहे, हे विचारलं कुणी?

तुम्ही विचारलंत, आणि आधी तेच. मग कपाटातून रॉडनी झॅक्सचं 'प्रोग्रामिंग द झेड८०' काढून दिलंत. ८०८५मधलं 'मूव्ह ए, एम' आणि झेड८०चं 'एलडी ए, (एचएल)' हे हुकूम मशीनच्या लेखी एकच, दोन्हींचा कोड ७ई, हेही सांगितलंत. त्या गाइडवाल्यावरचा माझा राग तेवढा कमी झाला!

पण खरे आभार कोऱ्या पानावरच्या आकड्यांचे. झॅक्सला चिपची खडान्‌खडा माहिती, पण त्याचं पुस्तक १९८२च्या स्पेक्ट्रमआधीचं, त्यात या मशीनची स्क्रीन कुठून येणार? तुम्ही पेन्सिलीने लिहिलंत: ६२, २५५, ५०, ०, ६४, २०१. खाली, "३००००पासून पोक करून चालवा. मग वाचायला बसा." पोक करणं म्हणजे एकेक आकडा थेट मेमरीत ठेवणं. चालवलं, आणि वर डाव्या कोपऱ्यात आठ ठिपक्यांची काळी रेघ उमटली. स्क्रीनचा मेमरीतला पत्ता १६३८४, म्हणजे ६४ गुणिले २५६. मग ० आधी आणि ६४ नंतर का? ते शोधायला मी पुस्तक उघडलं. तुमचा डाव तोच होता ना?

जाणकार पुष्कळ भेटतात हो. समोरच्याला कुठे अडणार आहे, हे ओळखून तेवढंच लिहून देणारे फार थोडे, आणि ते आभारही मानू देत नाहीत.

पुस्तक दिवाळीपर्यंत ठेवून घेते. रेघेखाली रेघ काढायला पत्त्यात ३२ नव्हे, २५६ मिळवायचे, इथवर आले आहे. आठव्या रेघेनंतर हे गणित का फिसकटतं, ते विचारायला रविवारी येते.

तुमची,
स्पेक्ट्रमवाली