जहांगीरबाहेरच्या काकांचे आभार

काळा घोड्याला, जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या फुटपाथवर शनिवारी दुपारी चित्रं मांडून बसलेल्या काकांचे मनापासून आभार. राणीच्या बागेतल्या झाडीचं माझं तैलचित्र पार पालकाची भाजी झालं होतं. त्याचं कारण काकांनी लगेच सांगितलं: सगळीकडे ट्यूबमधला कोरा सॅप ग्रीन, आणि ओल्या रंगावरच एकेक पान काढत बसणं.

माझ्या चित्राला त्यांनी ब्रश लावला नाही. रंग सुकलाय ना, हे बोटाने पाहिलं, एक पारदर्शक पिशवी फाडून चित्रावर पसरली आणि तिच्यावर रंगवून दाखवलं. "नाही पटलं तर पिशवी उचल," म्हणाले. सावलीसाठी सॅप ग्रीनमध्ये अल्ट्रामरीन निळा आणि किंचित बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), टर्पेंटाइनने पातळ. उजेडाकडे पिवळा वाढवत जाड. डोळे बारीक केल्यावर दिसतात ते पुंजके आधी, आठ नंबरच्या चपट्या ब्रशने. पानं शेवटी, तीही कडेला मोजकीच. फांद्यांमधून डोकावणारं आकाश मोकळ्या आकाशापेक्षा जरा गडद ठेवायचं, नाहीतर झाडाला भोकं पडल्यासारखी दिसतात. (हे तर डोक्यातही आलं नव्हतं.)

गिऱ्हाईक ताटकळत असूनही अर्धा तास दिला, पैसे घेतले नाहीत. ती पिशवी मात्र मी मागून आणली. ईझलला टांगली आहे.