आभाळातले डाग

चि. बाय हिस अनेक आशीर्वाद.

चित्र मिळालं. व्हाळाच्या कातळावर गरी टाकून बसलेली दोन पोरं म्हणजे तू आणि बाबू, हे आईने पाकीट उघडताच ओळखलं. बाबूची चड्डी तश्शीच घसरलेली! आंब्याची सावली काळी न करता निळी-जांभळी ठेवलीस, बगळ्यासाठी कोरा कागद सोडलास. फार आवडलं.

पण आभाळात डाग आलेत. पातळ रंगाचा वॉश सपाट बसलेला नाही. कागद स्वस्तातला होता म्हणशील. पण जन्मभर चित्रकला शिकवली, मला कळतं. ओल धरली की कागदाची खळ मरते आणि रंग असा जागोजागी शोषला जातो. म्हणजे तुझ्या खोलीत ओल आहे. परवा फोनवर ऐकला तो खोकलाही नुसता पावसात भिजल्याचा नव्हे.

हे लिहायचं नव्हतं, चित्राबद्दलच लिहायचं होतं. पाणी जरा जास्त हिरवं झालंय. पाऊस ओसरून व्हाळ निवळला की तळाचे दगड तांबूस दिसतात, आठवतं ना? तिथेच शिंगटीचा काटा तुझ्या बोटात गेला होता. रडली नाहीस, घरी येऊन हात पाठीमागे लपवलास. दुखणं लपवायची सवय तेव्हापासूनची.

आपल्या सावंतवाडीत १८८२ साली जन्मलेल्या चित्रकार हळदणकरांनी स्वतःच्या मुलीला हातात दिवा देऊन उभं केलं. ते जलरंगातलं चित्र आज म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. त्याच मातीतली माझी मुलगी जलरंग करते, हे मी भेटेल त्याला सांगतो.

दोन आठवड्यांवर खोकला राहिला तर थुंकी तपासून घ्यावी, असं सरकारी दवाखान्यात सांगतात. आबांचं तुला ठाऊक आहे. पुन्हा तिथेच आलो बघ. रागावू नकोस, उपदेश करायचा नव्हता.

कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेव. पलंग भिंतीपासून हातभर पुढे ओढ. खिडकीचं घरमालकाशी बोल, नाहीतर मी येऊन बोलतो. पैशांकडे बघू नकोस, काजूचे आलेत. भाऊंनी कुंपण परत सरकवलंय, ते नंतर लिहीन.

तपासणीचा कागद मिळाला की फोटो मला पाठव. आईला नको, तिला मी सांगेन.

बाबा