वरच्या मजल्याबद्दल

स्टुटगार्ट,
१८ जानेवारी २०२६

तीर्थरूप आई-बाबा यांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

रोज फोनवर बोलत असताना पत्र कशाला, असे आई म्हणेलच. पण आई, फोनवर काही अवघड सांगायला घेतले की तू "बरं, बरं" म्हणत फोन बाबांच्या हातात देतेस आणि बाबा हवापाण्याची चौकशी करतात. मग मीही इथे किती बर्फ पडला ते सांगत बसते आणि मूळ गोष्ट राहून जाते. गेल्या तीन आठवड्यांत असे चार वेळा झाले. कागदावर लिहिलेले तुम्हाला सावकाश, दोनदा वाचता येईल, आणि मध्येच मला रडू आले तर ते तुम्हाला दिसणार नाही.

गेल्या रविवारी बाबांनी ओट्यावर टाइल्सचे सात नमुने मांडले, फोन एकेकावरून हळूहळू फिरवला आणि चिऊला विचारले, "तुझ्या न्हाणीघराला कोणती लावू?" तिने निळी निवडली. त्या निळीचा एक कोपरा उडालेला होता आणि बाबांनी तो अंगठ्याने झाकला होता, हेही मी पाहिले. मी तिच्या मागेच उभी होते. तुम्ही आमच्यासाठी बांधलेल्या त्या वरच्या मजल्यावर आम्ही राहायला येणार नाही हे मला तेव्हा ठाऊक होते, आणि तरीही मी गप्प राहिले. तेव्हापासून मला धड झोप नाही.

तर आता सरळ लिहिते. आम्ही जर्मनी सोडून परत येतो आहोत, त्यात काही बदल नाही. एप्रिलच्या अखेरीस येऊ. मात्र राहायला मिरजेला नाही, पुण्याला. कोथरूडमध्ये भाड्याने घर ठरले आहे आणि चिऊचा चौथीचा प्रवेशही झाला आहे. म्हणजे हे पत्र तुम्हाला विचारण्यासाठी नाही, सांगण्यासाठी आहे, आणि याचेच मला सर्वांत वाईट वाटते. दादाला मी परवाच सांगितले. त्याने तुम्हाला सांगितले नाही म्हणून त्याच्यावर रागावू नका, मीच त्याला शपथ घातली होती.

मिरजेत काय कमी आहे, असे बाबा विचारतील, आणि त्याला माझ्याजवळ उत्तर नाही. डॉक्टरांसाठी पुणे, असे मी म्हणाले तर आख्खी मिरज हसेल. उपचारांसाठी निम्मा कर्नाटक जिथे येतो तिथून मी दवाखान्याचे कारण सांगून कशी निघणार? शाळा चांगल्या आहेत. माझे काम घरून चालते, ते ब्राह्मणपुरीतूनही चालेल. प्रश्न तुमच्या जावयांच्या नोकरीचा आहे. त्यांची बदली हिंजवडीच्या कार्यालयात झाली असून आठवड्यातून निदान तीन दिवस तिथे हजर राहावे लागेल. त्यावरही तुमच्याकडे तोडगा तयार असणार, हे मला माहीत आहे: त्यांनी सोमवारी जावे, शुक्रवारी यावे, त्यात काय एवढे, मी नाही का अकरा वर्षे जतला काढली?

बाबा, इथेच माझे पाऊल अडते. हे मी कशी लिहू ते कळत नाही, पण तुम्ही गैरसमज करून घेणार नाही या भरवशावर लिहिते. शनिवारी सकाळची शाळा सुटली की तुम्ही जतची एसटी धरायचात, आणि दुपारपासून मी दारातल्या पायरीवर बसलेली असे. पिशवीत कधी बोरे, कधी डाळिंबे, आणि तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. रविवारी संध्याकाळी तुम्ही पिशवी भरायला घेतली की मी तुमची एक चप्पल बंबामागे लपवून ठेवत असे. ती कुठे आहे हे तुम्हाला पहिल्याच रविवारी कळले असणार, तरी तुम्ही दर वेळी आधी माजघर, मग परडे, मग तुळशीमागे शोधून शेवटी बंबाकडे यायचात. बंबाच्या राखेने ती चप्पल नेहमी पांढुरकी झालेली असायची. ही तक्रार नाही, बाबा. बदली मिळत नव्हती, आईची नोकरी सोडण्यासारखी नव्हती, आणि त्याच पगारावर आम्ही दोघे शिकलो. तुमच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आमच्यापुढे आहे, एवढाच फरक. चिऊने बापाची चप्पल लपवू नये असे मला वाटते.

मग परत तरी कशाला येता, तिकडेच राहा, असे आई रागाने म्हणेल. (आई, तू असे म्हणालीस की आवाज बारीक करतेस, तो मला इथवर ऐकू येतो.) त्याचाही विचार आम्ही दोन वर्षे केला. आम्ही इथे आलो २०१२ मध्ये, आणि आता पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर नागरिकत्वासाठी अर्ज करता येतो. जर्मनीला आता दुहेरी नागरिकत्व चालते, पण आपल्या देशाला चालत नाही; तो निळा पासपोर्ट जमा करून टाकायचा, हे आमच्या दोघांच्याही हातून होईना. नागरिकत्व न घेता निघालो तर इथला कायमचा परवाना सहा महिने बाहेर राहिल्यावर आपोआप संपतो. म्हणजे हे दार आपल्यामागे बंद होणार, हे समजूनच आम्ही निघतो आहोत. तुम्हाला इकडे आणण्याचीही चौकशी केली होती. १ मार्च २०२४ पासून इथल्या परदेशी कुशल नोकरदारांना आई-वडिलांना बोलावून घेता येते, पण त्या तारखेनंतर पहिला परवाना मिळालेल्यांनाच. आम्ही बारा वर्षे आधी आलो, हाच आमचा दोष. आणि खरे सांगायचे तर नव्वद दिवसांच्या व्हिसावर आला होतात तेव्हा आई कॅलेंडरवर रोज एक फुली मारत होती, ते मी विसरलेले नाही.

शिवाय इथे चौथीनंतर मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. कोण पुढे विद्यापीठाच्या दिशेने जाणाऱ्या शाळेत आणि कोण दुसऱ्या शाळेत, याची शिफारस त्या वयातच होते. चिऊ आता तिसरीत आहे. तिला तिथवर नेऊन मग उपटण्यापेक्षा आत्ताच हलवणे बरे.

पण ही सगळी कागदी कारणे आहेत. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले तेव्हा मी इथे रात्रभर दर तासाला आकडा पाहत होते. धोक्याची पातळी ४५ फूट, हे सांगलीकडच्या पोराला पाढ्यासारखे पाठ असते. आपल्या पायरीला पाणी लागणार नाही हे मला कळत होते, पण वीज गेली, तुमचे फोन बंद पडले आणि दोन दिवस मला तुमचा आवाज ऐकू आला नाही. पुढे बाबांना दोन स्टेंट बसवल्या, तेव्हा दादाचा फोन आल्यापासून मी तुमच्या खाटेपाशी पोहोचेपर्यंत एकतीस तास गेले. काकूंच्या वेळी जे झाले ते आपल्याकडे कोणी बोलत नाही, मीही बोलत नाही. पण त्या एकतीस तासांत दुसरे काही माझ्या डोक्यात नव्हते. कोथरूडहून मिरज गाडीने पाच तासांवर आहे. वंदे भारत साडेचार तासांत मिरजेच्या फलाटावर सोडते, ती नसेल त्या दिवशी कोयना आहे, आणि रात्रीबेरात्री गरज पडली तर महामार्ग आहेच. एकतीसाचे पाच झाले, हा हिशेब गणिताच्या मास्तरांनी तरी मान्य करावा.

पैशाची काळजी बाबा करणार, म्हणून तेही लिहिते. इथल्या निवृत्तिवेतनासाठी निदान साठ महिने वर्गणी भरावी लागते, आमची त्याहून कितीतरी जास्त झाली आहे. सदुसष्टाव्या वर्षी ते भारतात मिळेल, दोन्ही देशांचा तसा करार आहे. तेव्हा माझ्या नावाची ठेव मोडून टाइल्सवाल्याला देऊ नका. दिली असेल तर आईने मला कळवावे.

चिऊच्या मराठीची काळजी मात्र मलाही आहे. ती घरात मराठीच बोलते, पण सकाळी पांघरुणातून बाहेर येऊन "आई, मला थंड आहे" म्हणते. थंडी "वाजते" हे तिला पटतच नाही. काय वाजते, म्हणून विचारते. जर्मनमध्ये तसेच म्हणतात, त्याला ती काय करणार! आकड्यांत मात्र बाबांना आनंद होईल अशी गोष्ट आहे. जर्मनमध्येही पंचवीसला "पाच आणि वीस" असेच म्हणतात, त्यामुळे एकवीस, बावीस, पंचवीस तिने एका दुपारीत उचलले. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात "वीस एक" आणले तेव्हा बाबा आठवडाभर दुसरे काही बोलत नव्हते. आता तुमच्या बाजूने एक अख्खी परकी भाषा उभी आहे. अडते ते एकोणतीसपाशी. तिथे ती ठामपणे "नववीस" म्हणते, आणि तिच्या हिशेबाने ते बरोबरच आहे.

तिची पुण्याची शाळा इंग्रजी माध्यमाची आहे, हे वाचून बाबांनी चष्मा काढून ठेवला असेल. बाबा, तिने आजवर जर्मनमध्ये शिकून एकदम मराठीत इतिहास-भूगोल लिहायचा म्हटले तर ती पहिल्याच परीक्षेत खचेल. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सर्व मंडळांच्या शाळांत दहावीपर्यंत मराठी सक्तीची झाली आहे, तेव्हा विषय सुटणार नाही. शिकवायला मात्र मास्तर हवेत. रोज संध्याकाळी सात ते पावणेआठ तुम्ही तिला फोनवर शिकवायचे, हे मी तिच्याकडून कबूल करून घेतले आहे. एकोणतीसापासून सुरुवात करा. जर्मन विसरू नये म्हणून शनिवारी मॅक्सम्युलर भवनात घालावे असा विचार आहे. मात्र मिरजेला यायचे त्या शनिवारी तो वर्ग बुडाला तरी चालेल, असे मी आत्ताच लिहून देते.

आता पुण्याच्या घराविषयी. पहिला मजला आहे आणि लिफ्टही आहे. तीन खोल्यांपैकी पूर्वेची तुमची. तिथे दुसरे कोणी झोपणार नाही, तिचा अडगळीसाठीही उपयोग होणार नाही. न्हाणीघरात धरायला दांडे आणि खाली न घसरणारी फरशी बसवून घेते आहे. बाबांसाठी गॅलरीत आरामखुर्ची आणि सकाळचे दोन पेपर. आईसाठी स्वयंपाकघराच्या कोनाड्यात देवघर, ओट्यापाशी बसून भाजी निवडता येईल असे उंच स्टूल. आंबेमोहोर आणून ठेवीन. कांदा-लसणाची चटणी मात्र तुझीच लागेल. पावसाळ्याचे दोन महिने तुम्ही आमच्याकडे यावे, गणपतीला आम्ही सगळे तिकडे येऊ, आणि दर दुसऱ्या शनिवारी मी आणि चिऊ येत जाऊ. "बघू" म्हणू नका. तुमचे "बघू" म्हणजे "नाही" हे मला लहानपणापासून माहीत आहे.

आणि आता मी जे सांगणार आहे ते मुकाट्याने ऐकायचे. वरच्या मजल्यावर आमच्यासाठी कमोड बसवलात आणि गुडघे धरून आई खालच्या जुन्या संडासात जाते, ही कुठली रीत? आधी खाली कमोड बसवा, या महिन्यातच, आणि शेजारी भिंतीला दांडा. बाबांनी गच्चीवर टाकी पाहायला चढायचे नाही. टाकी भरून वाहिली तर वाहू दे. दात काढायचा आहे म्हणून रक्त पातळ ठेवण्याची गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचे. आईने कॅल्शियमच्या गोळ्या पोह्यांच्या डब्यामागे ठेवलेल्या मी दिवाळीत पाहिल्या आहेत. त्या खाण्यासाठी असतात. भांडीवाल्या बाईंना "आज दोनच भांडी आहेत" म्हणून परत पाठवणेही बंद.

वरचा मजला रिकामा ठेवू नका. मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या दोन मुलींना किंवा परिचारिकांना भाड्याने द्या; रात्री हाकेच्या अंतरावर कोणीतरी जाणते माणूस असेल आणि आईला बोलायला सोबत होईल. फक्त रस्त्याकडची खोली आमच्यासाठी कुलूप लावून ठेवा. बाबा, तुम्ही दोन वर्षे ऊन-पावसात उभे राहून तो मजला बांधून घेतलात. तो वाया गेला असे कोणी गल्लीत म्हणाले तर त्यांना सांगा की दर दुसऱ्या शनिवारी नात येते. आणि तुम्हाला स्वतःलाच तसे वाटले तर मला फोन करा, कितीही वाजले असले तरी. हवापाण्याचे बोलू नका, तेच बोला.

पत्र मिळाले की लगेच फोन करायला हवा असे नाही. एक-दोन दिवस घ्या. आई, जेवणे झाल्यावर वाच, आधी नको.

तुमची,
ठमी

ता. क. टाइल्स निळ्याच घ्या, पण आधी खालच्या न्हाणीघराला लावा. आणि कोपरा उडालेला नमुना मी पाहिला आहे. पेटी घरात घेण्यापूर्वी उघडून तपासा.