डोंगराला प्रदक्षिणा घालायला निघालेल्या लेकीस

शहादा

प्रिय शर्वरी,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आल्प्समधल्या माँ ब्लाँ डोंगराभोवतीच्या वाटेचं सांगत होतीस, तेव्हा बाबांनी स्पीकर लावला होता आणि आजीही ऐकत होती. तू शिखरावर जाणार नाहीस, डोंगराभोवती फेरी घालणार आहेस, एवढं तिला कळलं. “म्हणजे प्रदक्षिणाच,” म्हणाली आणि निश्चिंत झाली. चैत्रात ती सप्तशृंगी गडावर अनवाणी चालत जायची, त्यामुळे ‘कशासाठी पळायचं’ हा प्रश्न तिला पडलाच नाही. फक्त बहुतेक लोक ही फेरी डोंगर डाव्या हाताला ठेवून घालतात हे बाबांनी नकाशावर दाखवलं, तेव्हा तिचा चेहरा जरा उतरला. तिचा निरोप जसाच्या तसा लिहिते: “जपीसन पळजो माय.”

मी तेवढी निश्चिंत नाही. तुला थांबवायचंही नाही. तू पळतेस हे मला मनापासून आवडतं, तोरणमाळला यशवंत तलावाच्या काठाने आम्हाला मागे टाकून पळायचीस तेव्हापासून. पण फोनवर तू घाईत असतेस आणि मला जे सांगायचंय ते घाईत सांगण्यासारखं नाही.

वाट साधारण १७० किलोमीटरची आणि सगळे चढ मिळून सुमारे १०,००० मीटर. तळोद्याच्या सपाटीवरून अस्तंब्याच्या माथ्यापर्यंतची चढण आठ-नऊ वेळा चढायची, तेवढ्याच वेळा उतरायची, आणि तुम्ही चौघं ते चार दिवसांत करणार. चालणारे लोक याला आठवडा-दीड आठवडा घेतात. द सोस्यूर नावाच्या जिनिव्हाच्या अभ्यासकाने ही फेरी १७६७ साली केली होती, शिखरावर पहिला माणूस पोचला त्याच्या एकोणीस वर्षं आधी. हे वाचून मला फार बरं वाटलं. डोंगर ओळखायला त्याच्या डोक्यावर उभं राहावं लागत नाही.

धडगावकडे उपकेंद्रावर होते तेव्हा लसींचा डबा खांद्याला लावून पाड्यापाड्याने फिरणं हेच माझं काम होतं. चढ दम काढतो, पण पाय खातो तो उतार. उतरताना मांडीचे पुढचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलत असतात, त्यात त्यांचे बारीक तंतू तुटतात, आणि ठणका लागतो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. म्हणून पहिल्या दिवशीचा उतार तुला कितीही सोपा वाटला तरी उधळू नकोस. डोक्यावर हंडा घेऊन उतरणाऱ्या पावरा बाया बघितल्या आहेस ना? पाऊल लहान, गुडघा किंचित वाकलेला, टाच आपटायची नाही. घसाऱ्यावर तेच कर. दुखतंय म्हणून पळता पळता आयबुप्रोफेन घेऊ नकोस. घाम गेलेला असतो, मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. लघवी चहासारखी काळपट दिसली तर त्या दिवसाचं पळणं तिथेच संपलं असं समज आणि डॉक्टर गाठ. नुसतं पाणी ढोसणंही बरं नाही, रक्तातलं मीठ पातळ होतं. ओआरएसच्या पुड्या घे, एका लिटरला एक पुडी, अंदाजाने नाही.

आता थंडी. खरं पत्र यासाठीच आहे.

आपण खान्देशातली माणसं, ऊन आपल्याला कळतं. मे महिन्यात पारा ४४-४५ वर गेला की रुमाल बांधायचा, बाराच्या आत घर गाठायचं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. थंडीचं तसं नाही. आपली थंडी म्हणजे पहाटे हरभऱ्यावर पडलेलं दव आणि अंगणातली शेकोटी. तिथे हजार मीटर वर गेलं की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. डोंगराच्या पायथ्याचं शामोनी गाव १,०३५ मीटरवर आहे, इटली-स्वित्झर्लंडच्या सीमेवरची ग्राँ कोल फेरे खिंड २,५३७ मीटरवर. खाली पंधरा अंश असले तर खिंडीत पाच, वर वारा, आणि तुझा कपडा घामाने ओला. पाणी हवेपेक्षा जवळपास पंचवीस पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. पळत आहेस तोवर अंग गरम राहील. पाय मुरगळून दहा मिनिटं बसावं लागलं, की खरी परीक्षा.

२२ मे २०२१ ला चीनच्या गान्सू प्रांतात १०० किलोमीटरची डोंगरशर्यत होती. दुपारी गारा, गोठवणारा पाऊस आणि वादळी वारा आला. एकवीस धावपटू गेले. त्यांत लियांग जिंग होता, त्या देशातला नावाजलेला अल्ट्रा धावपटू, म्हणजे मॅरेथॉनहूनही लांब पळणारा. वारा अडवणारं जॅकेट त्या शर्यतीत सक्तीचं नव्हतं. झू केमिंग नावाच्या एका मेंढपाळाने सहा जणांना गुहेत नेऊन शेकोटीपाशी बसवलं, ते वाचले. हे तुला भीती घालायला लिहीत नाही. ती माणसं कच्ची नव्हती, तुझ्यापेक्षा कितीतरी पक्की होती, म्हणून लिहिते.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली जाताना आधी हुडहुडी भरते, बोटांना जॅकेटची चेन ओढता येत नाही. मग पाय अडखळतात, जीभ जड होते, माणूस चिडतो नाहीतर गप्प होतो. हुडहुडी थांबली आणि अंग गारच आहे, तर ते बरं होणं नव्हे, ते जास्त वाईट. अशा वेळी ओले कपडे काढायचे, कोरडे घालायचे, डोकं झाकायचं, फॉइलच्या चादरीत गुंडाळायचं. नीट शुद्धीत असेल तर गोड आणि गरम काहीतरी पाजायचं. हातपाय चोळायचे नाहीत, दारूचा थेंबही द्यायचा नाही. आणि हे सगळं दुसऱ्याने करायचं. ज्याला थंडी चढते तो शेवटपर्यंत “मी ठीक आहे” म्हणत राहतो, कारण थंडी आधी अक्कलच बधिर करते.

म्हणून परतायचं की नाही हे खिंडीत ठरवू नका. सकाळी मुक्कामावरून निघताना, पोटात गरम चहा असताना ठरवा. अमुक वाजेपर्यंत अमुक जागी पोचलो नाही तर खाली. गडगडाट ऐकू आला तर खाली. एकाची बोटं चालेनाशी झाली तर चौघंही खाली. आणि चौघांतलं कुणीही एकदा “खाली” म्हणालं की वाद घालायचा नाही, त्याला तोंड पाडून दाखवायचं नाही. तू त्यांच्यात सगळ्यात वेगवान आहेस, म्हणून हे तूच आधी बोलून दाखव. मागे पडणाऱ्या माणसाला ते बोलायला जड जातं.

त्याच वाटेवर २००३ पासून मोठी शर्यत भरते. २०१० साली हवामान बिघडलं तेव्हा आयोजकांनी ती सुरू झाल्यावर थांबवली होती. तुमच्यामागे कुणी आयोजक नाही, तो तुम्हालाच व्हायचंय. एक दिवस सोडलात तर फार काही बिघडत नाही. इटलीच्या बाजूच्या कुर्मायर गावाहून डोंगराखालच्या बोगद्यातून शामोनीला बस जाते.

तिकडे उन्हाळ्यात दुपारनंतर विजा होतात, तेव्हा खिंडी बाराच्या आत ओलांडा. हेही आपल्यासारखंच, फक्त कारण वेगळं. मदतीला ११२ लावायचा. फोन लागला नाही तर शिट्टी किंवा दिव्याने मिनिटात सहा वेळा खूण करायची, मिनिटभर थांबायचं, पुन्हा सहा. मिनिटात तीन खुणा आल्या तर समजायचं की कुणीतरी ऐकलंय.

बाबांनी मोठा नकाशा छापून आणलाय. मुक्कामाच्या घरांचे फोन आणि तिघा मित्रमैत्रिणींच्या घरचे नंबर पाठव. रोज संध्याकाळी पोचल्यावर दोन शब्द पुरेत. ला फ्लेजेरच्या अलीकडे कड्याला लोखंडी शिड्या आहेत असं तूच म्हणालीस. वीज असताना लोखंडाजवळ जाऊ नका. शिड्या टाळून जाणारी दुसरी वाट आहे ना, ती बाबांना नकाशावर खूण करून पाठव, म्हणजे चौथ्या दिवशी तुम्ही कुठून येताय ते आम्हाला कळेल.

तुझी,
आई