केळं बंद केल्याने गाठ उपाशी मरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मंगळवारच्या आरोग्य पानावर ‘साखर तोडा, कॅन्सर मोडा’ वाचलं. साखर आणि केळं बंद केलं की कॅन्सरची गाठ उपाशी मरते, असा लेखाचा दावा. यमक छान जुळलंय. गाठी साखर जास्त खातात हे दाखवणारे जर्मन शास्त्रज्ञ वॉरबर्ग यांना १९३१ चं नोबेल गाठीच्या साखरेबद्दल नव्हे, श्वसनातल्या एन्झाइमबद्दल मिळालं, पण ते जाऊ द्या.

गाठीतल्या सगळ्या पेशी एका ताटात जेवत नाहीत. रक्तवाहिनीपासून १००-२०० मायक्रॉनपलीकडे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ऑक्सिजन पोचत नाही. तिथल्या पेशी ग्लुकोज अर्धवट वापरून लॅक्टेट बाहेर टाकतात, आणि वाहिनीलगतच्या पेशी तेच लॅक्टेट ऑक्सिजनवर जाळतात. एकीचं उष्टं दुसरीला चालतं. काहींचं ग्लुटामिन या अमिनो आम्लावर भागतं, काहींचं चरबीवर. म्हणून तर एकच वाट अडवणारं औषध पुरत नाही, आणि ऑक्सिजनविना तगलेल्या पेशींना रेडिएशनही अडीच-तीन पट लागतं. पेशंटने साखर सोडली तरी यकृत स्नायूंतल्या प्रथिनांतून ग्लुकोज बनवून रक्तात सोडतंच. वाळतो तो पेशंट. (मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवीच, पण ती मधुमेहासाठी.)

‘पेट स्कॅनमध्ये गाठ चमकते’ हा म्हणे पुरावा! (या स्कॅनआधी साखरेसारखं किरणोत्सारी औषध टोचतात; ते जिथे जास्त शोषलं जातं ती जागा चमकते.) त्या एका ठिपक्यात लाखो पेशींची सरासरी असते. प्रोस्टेटच्या बऱ्याच गाठी तर त्यात नीट दिसतही नाहीत. साखर खरोखर टाळायची ती या स्कॅनआधी सहा तास, आणि नेमकं तेच लेखात नाही. धडगावहून पहाटेच्या एसटीने निघालेला माणूस स्टँडवर गोड चहा घेतो. इन्सुलिन वाढतं, सुईतून दिलेलं औषध गाठीऐवजी स्नायूंत शिरतं. रक्तातली साखर २०० च्या वर निघाली तर बहुधा परतच पाठवतात. ते औषध ११० मिनिटांत निम्मं होतं, उद्यासाठी ठेवता येत नाही.

तोंडाच्या कॅन्सरच्या रेडिएशनमध्ये दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात तोंड सोलवटतं. कळण्याची भाकरी सोडाच, पाणीही झोंबतं. तेव्हा घशाखाली उतरतं ते दुधात कुस्करलेलं केळं, गुरगुट्या भात, पातळ वरण. ५० किलोच्या पेशंटला रोज ५० ते ७५ ग्रॅम प्रथिनं लागतात. एका अंड्यात सहा. सहा महिन्यांत वजन पाच टक्क्यांहून जास्त उतरलं तर केमो पेलणं अवघड होतं. आणि जळगाव आवृत्तीने, केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या घरांत जाणाऱ्या अंकात, केळ्याला विष म्हणावं!

लेखाखाली पाव पान ‘शुगर-फ्री कॅन्सर पावडर’ची जाहिरात होती. तिच्यात प्रथिनं किती, ते मात्र भिंग लावूनही सापडलं नाही.

— एक आहारतज्ज्ञ, भुसावळ